पहाटे खारेपाट, दिवसा डोळे

पहाटे पाच

आषाढ लागला की आमच्या मागच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला ओल येते. चुना कितीही मारा, ती येतेच, आणि दरवर्षी वेगळ्या जागी येते. उठल्यावर चूळ भरायच्या आधी मी तिच्याकडे बघतो. डाग पडलेल्या भिंती बघत जा, त्यांत डोंगर, नद्या, लढाया दिसतील, असं लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना सांगून ठेवलं आहे. त्याचं घर पेणला असतं तर त्याने चित्रं सोडून नुसत्या भिंतीच बघितल्या असत्या.

स्वप्नांशी मात्र माझं जमत नाही. अतिवास्तववादी चित्रं काढतो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "तुम्हाला स्वप्नं पडतात का हो तसली?" दोष त्यांचा नाही. आंद्रे ब्रतोंने १९२४ च्या जाहीरनाम्यात स्वप्नाला एवढं वर बसवलं की ते अजून खाली उतरलेलं नाही. त्याच जाहीरनाम्यात त्याने सें-पोल-रू या कवीची गोष्ट सांगितली आहे. हा कवी झोपायला जाताना दारावर पाटी लावायचा, की कवी कामात आहे. आमच्या दारावर मी तसली पाटी लावली तर दूधवाला तिच्याखालीच थकलेलं बिल खोचून जाईल. माझ्या स्वप्नांत एस.टी. चुकते, नाहीतर गणिताचा पेपर असतो आणि पेन चालत नाही. यातून काय चित्र काढणार? म्हणून उशाशी वही वगैरे ठेवत नाही. चहा घेतो, खिडकी उघडतो आणि उजेडाची वाट बघतो.

साडेपाच

आता दोन तास माझे. हे दोन तास गेले की दिवस दुसऱ्यांचा.

कॅनव्हासवर मी काम करत नाही. कोकणातल्या पावसात त्याला मागून बुरशी धरते. प्लायचे तुकडे आणतो, घासतो, अस्तर मारतो. पोलंडचा झ्जीस्वाव बेकशिन्स्की तेलरंगाची कामं हार्डबोर्डवर करायचा हे कळलं तेव्हा जरा धीर आला. तोही चित्रकलेच्या शाळेत गेलेला नव्हता. शिकला वास्तुरचना, आणि सानोक नावाच्या आपल्या लहानशा गावात बसगाड्यांच्या कारखान्यात गाड्यांची डिझाइन करायचा. स्वप्नांचा फोटो काढावा तसं रंगवायचं, असं तो म्हणे. त्यातलं स्वप्न मी सोडून देतो, फोटो मला पटतो. त्याच्या चित्रांतल्या सांगाड्यांची, जळक्या शहरांची सगळे चर्चा करतात. मला त्याने कापडाची चुणी कशी रंगवली आहे ते बघायचं असतं. रंगवताना तो मोठ्याने संगीत लावायचा. माझ्याकडे पत्र्यावरचा पाऊस आहे.

सध्याच्या चित्रात खारेपाट आहे. पेणच्या पश्चिमेला, खाडीकडे जायला लागलं की जमीन सपाट होते. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले मातीचे बांध, त्यांच्या अलीकडे भात, पलीकडे चिखल आणि तिवरं, आणि उरलेलं सगळं आभाळ. चित्रात भात आणि तिवरं नाहीत. एक लांब बांध आहे आणि त्याच्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून सुतळीने बांधलेली एक उंच वस्तू. आत काय आहे ते मला माहीत नाही. तिची सावली उजेडाच्या दिशेने पडली आहे.

आत काय आहे ते माहीत नसलं तरी प्लास्टिक कुठलं आहे ते नक्की माहीत असावं लागतं. हे पातळ, दुधाळ, स्वस्तातलं प्लास्टिक आहे. चुरगळलं की आवाज करतं, आणि पोटात हवा धरतं. ते रंगवायचं म्हणजे आधी खालची वस्तू मळकट रंगात पुरी करायची, ती वाळू द्यायची, मग वरून अगदी पातळ पांढरा फिरवायचा, आणि सगळ्यात शेवटी घडीच्या कडांवर दाट पांढऱ्याच्या केसाएवढ्या रेघा. पावसाळ्यात यातली 'वाळू द्यायची' ही पायरी अंत बघते. कच्चा अंबर त्यातल्या मँगनीजमुळे लवकर वाळतो, टायटॅनियमचा पांढरा रेंगाळतो. म्हणून आषाढ-श्रावणातली माझी चित्रं तपकिरी असतात. पुण्याच्या एका प्रदर्शनात एका गृहस्थांनी त्या तपकिरीवर बराच वेळ विचार करून, यात विषण्णता आहे, असं मत दिलं होतं. मी मान डोलावली.

आज फक्त दोन घड्या झाल्या. चांगल्या झाल्या.

सव्वाआठ

पोहे, छत्री, चप्पल. चालत दहा मिनिटं.

तेवढ्यात पूर्वपीठिका उरकून घेतो. शाळेत इंटरमीजिएटची ग्रेड परीक्षा दिली, तेवढंच माझं कलाशिक्षण. मुंबईला जे. जे. म्हणून जागा आहे हे माहीत होतं, पण घरातून निघून चार-पाच वर्षं तिथे राहायचं ही गोष्ट कोणी उच्चारलीही नाही. बारावीनंतर गणपतीच्या कारखान्यात लागलो. नोकरी आणि चित्र यांचं भांडण असतं असं मी पुष्कळ ऐकलं आहे, आणि ज्यांना चित्र काढायचं नसतं त्यांच्याकडूनच जास्त ऐकलं आहे. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होता. बडोद्याला कितीतरी वर्षं त्याने कारखान्याचे हिशेब लिहिले आणि उरलेल्या दिवसात चित्रं काढली. घड्याळजी, शिंपी, न्हावी यांची चित्रं १९७२ च्या आसपास काढायला सुरुवात केली ती त्यानेच. शिकलेल्या चित्रकारांपैकी कोणाला शिंप्याच्या दुकानात बघण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं.

साडेआठ

पेणमध्ये गणपतीच्या कार्यशाळेला कारखानाच म्हणतात. लांब शेड, वर पत्रे, कडेला बांबूचे मांडव आणि त्यावरही फळ्या. एका टोकाला साच्यातून निघालेल्या कच्च्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला रंगून बसलेल्या. मधे माती, काथ्या, पॉलिश पेपर, रंगाचे डबे आणि कॉम्प्रेसरचा आवाज. शाडूची माती येते गुजरातेतून, भावनगरकडून. आमच्याकडे हमरापूर, जोहे, सगळा पट्टाच या कामावर जगतो. परदेशी जाणारा माल उन्हाळ्यातच कंटेनरमध्ये चढतो, कारण बोटीला वेळ लागतो; आता आषाढात चाललंय ते मुंबई-पुणे-ठाण्याचं.

माझं काम आखणीचं. म्हणजे डोळे. अंगाचा रंग गनने मारतात, सोवळं-शेला दुसरे रंगवतात, सोनेरी काम तिसरा करतो, आणि सगळ्यात शेवटी मूर्ती माझ्यासमोर येते. आखणीवाल्याला कारखान्यात मान असतो, कारण इथे हात चुकला तर आधीच्या सगळ्यांची मेहनत वाया.

आधी पांढरा. तो निव्वळ पांढरा नको, नाहीतर डोळे वटारल्यासारखे दिसतात; किंचित हस्तिदंती. कोपऱ्यात गुलाबीची चाहूल. मग वरच्या पापणीची रेघ, आतून बाहेर, एका दमात. करंगळी सोंडेच्या मुळाशी टेकवायची आणि श्वास अर्धा सोडून थांबायचं. रेघ मनगटातून काढली तर थरथरते, खांद्यातून काढली तर धावते. ती कोपरातून यावी लागते. मग बुबुळ तपकिरी, मधे काळा, खालची पापणी जेमतेम, भुवई, आणि शेवटी प्रकाशाचा पांढरा ठिपका. दोन्ही डोळ्यांत ठिपका एकाच बाजूला. शिकाऊ पोरं इथे फसतात. त्यांना वाटतं डावा-उजवा म्हणजे आरशासारखं, मग ठिपके दोन दिशांना जातात आणि देव दोन खिडक्यांकडे बघतो.

हे मला कारखान्यातल्या जुन्या आखणीवाल्या अण्णांनी शिकवलं. त्यांचं म्हणणं, डोळे मूर्तीवर काढायचेच नाहीत. समोर पूजेला बसलेल्या माणसावर काढायचे. घरातली मूर्ती चौरंगावर असते, माणूस पाटावर, म्हणून नजर जराशी खाली उतरायला हवी. मंडळाची मूर्ती उंच, बघणारा पायाशी उभा, तिथे बुबुळ आणखी खाली. कारखान्यात ती मूर्ती आपल्या डोळ्यासमोर असताना चुकीची दिसते. चुकीची दिसली की बरोबर आहे समज, असं अण्णा म्हणत. सबंध चित्रकलेबद्दल मला कोणी दिलेला एवढा उपयोगाचा धडा दुसरा नाही, आणि तो देणाऱ्याने आयुष्यात चित्रांचं एकही प्रदर्शन पाहिलेलं नव्हतं.

साडेअकरा

चहा. मातीवाला पोरगा विचारतो, "काका, एवढे डोळे काढून तुमच्या डोळ्यांसमोर रात्री डोळेच येतात काय?"

रात्री नाही येत. पण पूर्वी चित्रात यायचे, आणि तीच सगळी भानगड होती. ती पुढे सांगतो. दादा, म्हणजे आमचे मालक, हातात यादी घेऊन येताना दिसतायत.

एक

डबा. भाकरी, वालाचं बिरडं. पाऊस थांबला.

दीड

अर्धा तास फळीवर आडवा होतो. साल्वादोर दालीची दुपारच्या झोपेची एक कृती आहे, त्याच्या १९४८ सालच्या पुस्तकात दिलेली. खुर्चीत बसायचं, चिमटीत जड किल्ली धरायची, खाली जमिनीवर ताटली पालथी घालायची. डोळा लागला की बोटं सुटतात, किल्ली ताटलीवर आपटते, माणूस जागा होतो आणि तेवढ्या क्षणात जे दिसलं ते कामाला येतं. आमच्याकडे किल्ली आहे, ताटलीही आहे. पण दुपारच्या सुट्टीत कारखान्यात लोखंड वाजलं तर आधी दहा माणसं बघायला धावतात, की कुठली मूर्ती पडली. तेव्हा नुसताच झोपतो.

दालीबद्दल आमच्या धंद्यात, म्हणजे हौशी अतिवास्तववाद्यांत, बोलायची सोय नाही. प्रत्येकाने त्याची घड्याळं एकदा तरी वितळवलेली असतात. वाचनालयातल्या एका इंग्रजी पुस्तकात मला त्याचं चित्र प्रथम दिसलं आणि मग आमच्या गावातल्या कौलांवर, विहिरीच्या रहाटावर, देवळाच्या दीपमाळेवर मी घड्याळं सांडली. लोकांना ती आवडायची. हीच त्या चित्रांची खोड होती. माणसं ओळखीचं काहीतरी भेटल्यासारखी हसायची आणि पुढे जायची.

अडीच

हात काम करतोय, डोकं रिकामं आहे. आता ते डोळ्यांचं.

कुठलाही चित्रकार माणसं काढतो, मीही काढायचो. माणसाला चेहरा काढायचा, चेहऱ्याला डोळे. पण दिवसभर आखणी करून संध्याकाळी चित्राला बसलो की ब्रश डोळ्यापाशी गेल्याबरोबर हात आपसूक चालायचा. एस.टी. स्टँडवरचा हमाल काढला, त्याला गणपतीचे डोळे. मासेवाली काढली, तिला गणपतीचे. स्वतःचं चित्र काढलं आरशात बघून, आणि बायकोने एक नजर टाकून म्हटलं, "अहो, याला सोंड राहिली." वर्षानुवर्षं एका दिशेने वळवलेलं मनगट रात्री दुसऱ्या दिशेने वळत नव्हतं. हा काही अध्यात्माचा विषय नाही, स्नायूंचा आहे.

म्हणून डोळे काढून टाकले. मग डोळ्यांवाचून चेहरा भुताटकीचा दिसायला लागला. भुताटकी मला नको होती, म्हणून चेहरे पाठमोरे केले. पाठमोरी माणसं नुसती उभी राहून काहीतरी गहन विचार करतायत असं वाटायचं, तो खोटेपणा सोसेना, म्हणून माणसंही गेली. चित्रात काय राहिलं? पाट राहिले. फळ्या, सुतळी, प्लास्टिक, मातीचा ओला गोळा झाकलेलं गोणपाट. मागे खारेपाट आधीपासूनच होता, पण आजवर माणसांच्या मागे लपला होता. एके दिवशी मी हे सगळं बघितलं आणि त्यात दाली नव्हता. वितळत काहीच नव्हतं. सगळं कोरडं, उभं, गुंडाळलेलं.

हे असं गाळत गाळत येतं, याला माझ्याकडे मोठ्यांचे दाखले आहेत. इव्ह तांगीचं नाव आपल्याकडे फारसं ऐकू येत नाही. जन्म १९०० चा, पॅरिसचा. घराणं ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचं, दर्यावर्दी. तोही व्यापारी जहाजावर राहून आलेला. चित्रकला शिकलेला नाही, ब्रश धरलेला नाही. १९२३ च्या सुमारास बसमधून जाताना पॉल गियोमच्या गॅलरीच्या काचेत त्याला ज्योर्ज्यो दे किरीकोचं एक चित्र दिसलं. बसमधून उडी टाकली म्हणे, आणि चित्रकार व्हायचं ठरवलं. ही उडी सगळे सांगतात. मला त्यापेक्षा पुढची चार वर्षं महत्त्वाची वाटतात. त्याचं १९२५ चं पॅरिसच्या एका रस्त्याचं चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यात रस्ता आहे, घरं आहेत, माणसं आहेत, आणि सगळं जरा बाळबोध आहे. त्याच संग्रहालयात १९२७ चं 'आई, बाबांना लागलं!' हे चित्र आहे. त्यात घरं गेली, रस्ता गेला, माणसं गेली. उरली ती एक अथांग सपाटी, धूसर क्षितिज आणि काही आकार, ज्यांना नाव नाही पण सावली काटेकोर आहे. ब्रिटनीचा किनारा ज्यांनी पाहिलाय ते म्हणतात, ओहोटीला तिथली वाळू अशीच दिसते. त्याने काही शोधून आणलं नाही. जे होतं त्याच्या पुढ्यातली गर्दी हटवली. नंतर जवळजवळ तीस वर्षं, १९५५ मध्ये मरेपर्यंत, तो त्याच सपाटीवर राहिला. शेवटच्या काळात तिच्यावर दगडांसारख्या आकारांची इतकी दाटी झाली की पाय ठेवायला जागा नाही, पण सपाटी तीच.

आणि रने माग्रीत. तो ब्रसेल्सच्या अकादमीत शिकला, पण पुढे वॉलपेपरच्या कारखान्यात नक्ष्या काढल्या, जाहिराती केल्या. त्याच्या चित्रांतला तो सपाट, गुळगुळीत, सभ्य रंग जाहिरातीतलाच आहे. त्याने तो झटकला असता तर १९२९ मधलं पाइपचं चित्र, ज्याच्याखाली 'हा पाइप नव्हे' असं लिहिलं आहे, ते चाललंच नसतं. पाइप दुकानाच्या पाटीवर असावा तसा काढला आहे, म्हणून खालची ओळ टोचते.

पोटाच्या धंद्यातून हाताला लागलेलं वळण आधी आड येतं. त्याच्याशी कुस्ती खेळण्यात माझी पुष्कळ वर्षं गेली, आणि ती कुस्ती कोणी जिंकल्याचं मी वाचलेलं नाही. वाट त्याच्या बाजूने निघते.

चार

गिऱ्हाईक. ठाण्याचं कुटुंब, मूर्ती ठरवायला आलेलं. आजोबांना पारंपरिक हवी, सुनेला शाडूचीच, नातवाला उंदीर मोठा. "डोळे जरा मोठे करा ना, मालिकेतल्यासारखे," मुलगा म्हणतो. मी मोबाइल हातात घेऊन मालिकेतले डोळे बघतो. त्यांत ठिपके तीन-तीन आहेत, स्टुडिओतल्या दिव्यांचे. एवढे दिवे यांच्या घरात नसणार. एकच ठिपका काढतो असं सांगतो, मोठा काढतो. ते खूश, मीही.

साडेपाच

लाइट गेली. कॉम्प्रेसर बंद पडला की कारखान्यात एकदम पाऊस ऐकू येतो.

आखणीला उजेड नाही, दादाही काही बोलत नाहीत. मी पिशवीतून पातळ कागद आणि ग्राफाइटची कांडी काढतो. मूर्ती ठेवायच्या फळ्या कित्येक वर्षांच्या आहेत. त्यांच्यावर पाटांच्या गोल-चौकोनी खुणा उठल्या आहेत, रंगाचे ओघळ थरावर थर चढलेत, मधूनमधून खिळ्यांची डोकी. कागद वर ठेवून कांडी आडवी घासली की हे सगळं वर येतं. पाटाच्या खुणांची चंद्रकोर होते, ओघळांची झाडं. यातले काही कागद मी पुढे चित्रात चिखलाचा पोत म्हणून उतरवतो. चिखल हाताने काढायला गेलं की तो फार हुशार दिसतो.

ही युक्ती माक्स अर्न्स्टची, आणि तीही पावसातलीच. १० ऑगस्ट १९२५ ला तो फ्रान्समधल्या पोर्निक इथे समुद्रकाठच्या खानावळीत अडकून पडला होता. घासून घासून झिजलेल्या लाकडी जमिनीच्या रेषांनी त्याला पछाडलं, तेव्हा त्याने फळ्यांवर कागद टाकले आणि काळ्या शिशाने घासले. त्यांतून जंगलं निघाली, पक्षी निघाले, आणि पुढच्या वर्षी 'निसर्गेतिहास' या नावाने त्यांचा संच छापून आला. अर्न्स्टनेही चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. बॉन विद्यापीठात तो तत्त्वज्ञान वगैरे शिकत होता. ज्याला शिकवलेलं नसतं त्याला जमीन घासायची लाज वाटत नाही, असा यातून मी सोयीचा अर्थ काढला आहे.

पोरगा शेजारी बसून बघतो. "काका, मी करू?" मी त्याला कागद देतो. तो फळी सोडून गणपतीच्या कच्च्या सोंडेवर कागद गुंडाळतो आणि घासतो. हे मला कधीच सुचलं नव्हतं. कागद सोडवल्यावर जे दिसलं त्याला वर-खाली नाही, आत-बाहेर नाही. तो कागद मी त्याच्याकडे मागितला. द्यायला तयार नाही.

सात

घरी येतो तोवर फोन. मुंबईचे एक गृहस्थ माझी चित्रं अधूनमधून विकून देतात. त्यांना दिवाळीच्या आत काही 'मॉडर्न गणपती' हवेत, अमूर्ताकडे झुकणारे, भिंतीच्या रंगाला चालतील असे. मी हो म्हणतो. दरवर्षी म्हणतो. सोंडेची एक वळसेदार रेघ, सोनेरी वर्ख, मागे फिकट निळा. ते झटपट होतात, आणि वर्षाचा प्लाय, रंग, टर्पेंटाइन त्यातून निघतं. मित्र विचारतात, यात तुला अपराधी वाटत नाही का? मला यात काय वाटायला हवं ते नीट समजत नाही. गणपतीनेच मला पोसलंय. त्या चित्रांवर सही मी मराठीत करतो आणि खारेपाटाच्या चित्रांवर मागच्या बाजूला, म्हणजे माझ्यापुरता हिशेब वेगळा राहतो. एकदा त्या गृहस्थांनी गुंडाळलेल्या वस्तूचं एक चित्र नेलं आणि घेणाऱ्याने विचारलं, की प्लास्टिकच्या आत गणपती आहे ना? असेल तर आणखी एक हवं. मी म्हटलं, उघडून बघा.

साडेआठ

जेवताना नावाची चर्चा होते. मुलीला प्रत्येक चित्राला नाव हवं असतं. ती आठवीत आहे आणि निबंधाला मुद्दे लागतात हे तिला नुकतंच कळलंय. बेकशिन्स्की आपल्या चित्रांना नावंच द्यायचा नाही, असं मी सांगतो. मग लोक ओळखणार कसे, हा तिचा प्रश्न बिनतोड आहे. तांगीची तऱ्हा मला जास्त आवडते. १९२७ च्या त्याच्या पहिल्या स्वतंत्र प्रदर्शनाच्या वेळी तो आणि ब्रतों मनोरुग्णांच्या नोंदींची पुस्तकं चाळत बसले आणि त्यांतली वाक्यं उचलून चित्रांना दिली. चित्राचा आणि नावाचा संबंध बघणाऱ्याने लावायचा. हे मुलीला एकदम पटलं. आता आम्ही कारखान्याच्या ऑर्डरच्या वहीतून नावं उचलतो. मागच्या चित्राचं नाव 'उंदीर वेगळा पाठवणे'. त्याच्या आधीचं 'रंग पाहून सांगतो, रविवारी'. आज ती वहीतून शोधून म्हणते, "बाबा, हे घ्या: 'आगाऊ मिळाले, बाकी विसर्जनानंतर'."

बायको म्हणते हे नाव नको, देणेकरी घरी येतील. पण नाव चांगलं आहे. बांधावरच्या वस्तूला बसतं.

दहा

उद्याचा बोर्ड तयार करायचा. त्याआधी थोडा वेळ प्रभाकर बरवे.

हा माणूस आमच्या जिल्ह्याचा, अलिबागजवळच्या नागावचा. १९३६ मधला जन्म. जे. जे. मध्ये शिकला, मग विणकर सेवा केंद्रात नोकरी. काही वर्षं बनारसला, पुढे मुंबईला. कापडाच्या नक्ष्यांचं काम. त्याच्या चित्रांत पान, पेअर, घड्याळ, लिफाफा अशा साध्या वस्तू मोकळ्या जागेत एकमेकींपासून अंतर राखून तरंगतात. कापडावर ठसा उठवताना दोन ठशांमधलं अंतर हेच अर्धं काम असतं, ते त्याच्या हातात किती मुरलं होतं हे बघायचं असेल तर त्याच्या चित्रांतली रिकामी जागा बघावी. तो एनॅमल रंग वापरायचा, दारं-खिडक्यांना लावतात ते. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. मी पनवेलहून लोकल धरून गेलो. इतरांना त्यात प्रतीकं दिसत होती. मला दिसलं, की त्याने एकाही वस्तूची सावली जमिनीवर टेकू दिलेली नाही, कारण जमीनच नाही. मी मात्र जमिनीवाचून काही करू शकत नाही. बांध हवाच. हा आमच्यातला फरक मला तिथे उभ्या उभ्या कळला आणि घरी येईपर्यंत आनंद टिकला. त्याचं 'कोरा कॅनव्हास' मी मधूनच कुठलंही पान काढून वाचतो. चित्राबद्दल असं सरळ मराठी लिहिणारे चित्रकार मोजकेच.

आता बोर्ड. दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपर मारला, फडक्याने पुसला, अस्तराचा पहिला हात आडवा दिला. तो वाळला की दुसरा उभा. पावसाळ्यात मागची बाजूही रंगवावी लागते, नाहीतर एका अंगाने ओल पिऊन प्लाय कमानीसारखा वाकतो. मागच्या बाजूला मी उरलेला कुठलाही रंग लावतो. आज कारखान्यातून आणलेला सोवळ्याचा पिवळा आहे. भडक आहे, पण भिंतीकडेच राहणार.